पहिली वारस

अनुज गेल्यावर चंदनबाई रडल्या नाहीत. उठावण्याच्या शोकसभेला आलेल्या बायका त्यांच्याभोवती बसल्या. कोणी पाठीवर हात फिरवला, कोणी "मोकळी हो, भाभी, मोकळी हो" असं कानाशी म्हणत राहिली. चंदनबाईंनी सगळ्यांना पाणी मिळालं का, ते विचारलं. पुढे गल्लीत दोन मतं पडली. कोणाला वाटलं, बाई धीराची. कोणाला वाटलं, बाईला अजून कळलेलंच नाही. दोन्ही मतं फिरत फिरत चंदनबाईंच्या कानावर आली आणि त्यांना ती दुसऱ्याच कोणा बाईबद्दल असावीत तशी वाटली.

जळगावला मार्केट यार्डाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांच्या नवऱ्याचं, सुरेशचंदांचं, बारदानाचं दुकान आहे. जुनी-नवी पोती, सुतळी, ताडपत्री, केळीच्या घडांवर चढवायच्या पिशव्या. खाली दुकान, वर घर. सुरेशचंदांचे आजोबा मारवाडातून आले आणि इथलेच झाले. चंदनबाईंचं माहेर धुळे जिल्ह्यातलं. शिंदखेड्याजवळच्या एका खेड्यात त्यांच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. घरात मारवाडी बोलायचे, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की अहिराणी. लग्न होऊन जळगावला आल्यावर ती अहिराणी सुटली. सासूला ती गावंढळ वाटायची.

पण मुलगा लहान असताना, त्याला जेवू घालताना, चंदनबाई माहेरच्या गावातल्या माणसांच्या नकला करायच्या. अनुज हसायचा आणि तोंड उघडायचा, तेवढ्यात घास आत जायचा. धाकटी आयुषी घास भरवताना कधी त्रास देत नसे, म्हणून तिच्या वाट्याला त्या नकला आल्या नाहीत.

अनुज तिशीला टेकला होता. सकाळी दुकानात बसायचा, आणि दुपारनंतर भूषणबरोबर असायचा. भूषण रावेरचा, केळीवाल्या घरातला. जळगावात खोली घेऊन लग्नाच्या शूटिंगची कामं करायचा. दोघं मिळून खान्देशी विनोदाचे छोटे व्हिडिओ बनवून यूट्यूबवर टाकायचे. त्याशिवाय अनुज कितीतरी वर्षं एक मोठा सिनेमा लिहीत होता. घरात त्या सिनेमाला नाव नव्हतं. "अनुजचं ते" एवढंच म्हणत. सुरेशचंदांना ते आवडत नसे, आणि हे ते जेवताना बोलूनही दाखवत.

दिवाळीनंतर ताप आला. डेंग्यू निघाला. दवाखान्यातून तो घरी आला नाही.

त्यानंतर घर चालू राहिलं. चंदनबाई स्वयंपाक करत, दुपारी पापड वाळत घालत, जैन स्थानकात जाऊन बसत. अनुजचा मोबाइल त्यांनी चार्ज करून फ्रिजवर ठेवलेला असे. कर्ज हवंय का विचारणाऱ्या मुलींचे त्यावर फोन यायचे.

"अनुज सर आहेत का?"

"नाहीत."

"कधी भेटतील, मॅडम?"

"माहीत नाही," चंदनबाई म्हणायच्या आणि फोन पुन्हा फ्रिजवर ठेवायच्या. आयुषीने एकदा ते ऐकलं आणि सिम बंद करू या म्हणाली. त्या हो म्हणाल्या. पण ते कोणी केलं नाही.

होळीच्या सुमाराला भूषण आला. तो आला की दारातच थांबायचा, चप्पल काढू की नको असा. चंदनबाईंनी चहा ठेवला.

"काकू, पुण्याहून फोन आला होता," तो म्हणाला. "एक सिनेमा कंपनी आहे. अनुजने गेल्या उन्हाळ्यात त्यांना गोष्ट ऐकवली होती. मग पटकथाही मेल केली होती. त्यांना ती हवीय."

"काय हवंय?"

"पटकथा. 'कोना पोऱ्या'. अनुजचं ते."

सुरेशचंद तिथेच बसून पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही. "देऊन टाक," ते म्हणाले. "आम्हाला काय करायचंय त्याचं?"

"काका, मी कसा देऊ? ती काही माझी नाही. मी फक्त वाचायचो आणि त्याला नावं ठेवायचो. लिहिलं सगळं त्याने."

आयुषी आतून बाहेर आली. ती एका कर सल्लागाराच्या ऑफिसात कामाला होती. कोणत्या कागदावर कोणाची सही लागते, हे तिला रोजच बघावं लागे. भाऊ गेल्यापासून ती ऑफिसातून उशिराच यायची. घरात असली तरी तिच्या हाताला काहीतरी काम लागे.

"कोणी काही द्यायचं नाही," ती म्हणाली. "आधी वकिलाला विचारू. त्याने ती रजिस्टर केली होती का?"

भूषणने मान हलवली. "एक प्रिंट काढून पाकिटात घातली होती. रजिस्टर पोस्टाने स्वतःलाच पाठवली. ते पाकीट न फोडता ठेवायचं म्हणे. कोणीतरी सांगितलं होतं. माझ्या खोलीवर आहे अजून."

सितारा वकिलांचं ऑफिस कोर्टाच्या मागच्या गल्लीत होतं. जमिनीचे वाद, वाटण्या, वारसाची कामं त्या करत. पटकथेचं काम त्यांच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. दोन-तीन दिवस वाचून, एका मुंबईच्या मैत्रिणीला विचारून मग त्यांनी सगळ्यांना बोलावलं. सुरेशचंदही आले. दुकान बंद ठेवून आले, हे त्यांनी बसता बसता सांगितलं.

"पहिली गोष्ट," सितारा म्हणाल्या, "कॉपीराइट मागावा लागत नाही. अनुजने लिहिलं त्याच दिवशी तो त्याचा झाला. नोंदणी केली नाही म्हणून तो गेला असं होत नाही. नोंदणी पुराव्यासाठी. उद्या कोणी म्हणालं, हे आम्ही लिहिलंय, तर कोर्टात आपल्या हातात सरकारचा कागद असतो. ते पाकीट जपून ठेवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. पाकीट कधीही उघडं पाठवून नंतर चिकटवता येतं, असं समोरचा वकील म्हणेल. मी असते तर मीही म्हटलं असतं."

"आणि त्याने तर कितीतरी लोकांना गोष्ट ऐकवली होती," भूषण म्हणाला. "चहाच्या टपरीवरसुद्धा."

"हं. तिथे अडचण आहे. नुसत्या कल्पनेवर कोणाचा हक्क नसतो. गावात परत आलेल्या मुलाला कोणी ओळखत नाही, एवढी कल्पना कोणीही वापरू शकतं. पण त्याने जे प्रसंग रचले, ज्या क्रमाने रचले, जी माणसं उभी केली, त्यांच्या तोंडी जे शब्द घातले, ते त्याचं आहे. ते कोणी उचललं तर आपण जाब विचारू शकतो."

"त्याचं आहे म्हणता," सुरेशचंद म्हणाले. "तो तर नाही."

"म्हणजे आता वारसाचं. लेखकाच्या माघारी साठ वर्षं हक्क चालतो. तो गेला ते वर्ष संपलं, की तिथून पुढे साठ." सितारांनी पान उलटलं. "अनुजचं लग्न झालेलं नव्हतं. मूल नाही. मृत्युपत्र नाही. जैन असलात तरी वारसाला हिंदू कायदाच लागतो. त्यात अशा मुलाची पहिली वारस आई. वडील, बहीण दुसऱ्या वर्गात येतात. आई असेपर्यंत त्यांचा नंबर लागत नाही."

सुरेशचंदांनी चष्मा काढला. "म्हणजे माझा त्याच्यावर काहीच हक्क नाही?"

"त्याच्या मागे राहिलेल्या गोष्टींवर नाही. कायद्याने नाही, भाऊ."

चंदनबाईंना एवढंच वाटलं, की आता आपल्याला काहीतरी म्हणावं लागेल. दुकान सुरेशचंदांच्या नावावर होतं, घर सासऱ्यांच्या. गॅसचं कार्डही सुरेशचंदांचं. त्यांच्या नावावर यापूर्वी काही झालं नव्हतं.

"मी काय करू?" त्यांनी विचारलं.

"आधी वाचा, भाभी," सितारा म्हणाल्या. "आपण कशाचे मालक आहोत, ते माहीत नसताना सही करू नये."

चंदनबाईंना मराठी वाचता यायचं, पण सावकाश. पटकथेत मधे मधे खुणा होत्या, जागेचं नाव, वेळ, आत की बाहेर, त्यात त्या अडखळल्या. आयुषीला वाच म्हटलं, तर पहिलं पान अर्ध्यावर सोडून ती उठली आणि ऑफिसला निघून गेली. तेव्हा भूषण दुपारी यायला लागला. तो वाचायचा. चंदनबाई समोर बसून मुगाच्या वड्या घालायच्या.

गोष्ट अशी होती. एक मुलगा लहानपणी गाव सोडून सुरतेला पळून गेलेला. मोठा होऊन परत येतो. आई वारलेली असते. ती सिनेमात फक्त भिंतीवरच्या फोटोत आहे. बाप म्हातारा झालाय, त्याची स्मृती गेलीय. तो मुलाला ओळखत नाही. गावात जो भेटेल तो विचारतो, "तू कोना पोऱ्या शे?" तू कोणाचा मुलगा? आणि मुलगा उत्तर देत नाही.

"हिला काय झालं होतं?" चंदनबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं.

"कोणाला?"

"फोटोतल्या बाईला."

भूषणने पान उलटून पाहिलं, पुन्हा मागे आला. "ते लिहिलेलं नाही, काकू."

"बरं."

तिसऱ्या-चौथ्या दुपारी गोष्ट रात्रीच्या एका प्रसंगावर आली. मुलगा अंधारात गावाच्या वेशीशी उभा आहे आणि जीवराम नावाचा राखणदार त्याच्या तोंडावर बॅटरी मारून म्हणतो, "बठ्ठा गाव झोपी गया, नि तू आते उना?" सगळं गाव झोपलं, आणि तू आत्ता आलास?

चंदनबाईंचा हात वड्यांच्या पिठात थांबला.

जीवराम आबा त्यांच्या माहेरच्या गावचा. रात्री उशिरा धुळ्याहून माल घेऊन परतणाऱ्या त्यांच्या वडिलांना तो असंच म्हणायचा, दर वेळी, जणू वडील पहिल्यांदाच उशिरा आलेत. आबाचा आवाज त्या अनुजला काढून दाखवायच्या. नाव बदलायचंही त्याला सुचलं नव्हतं. पुढच्या पानांत आणखी निघालं. चहावाल्याचं "पानी पी ले, मंग सांग." विहिरीवरच्या बाईची शिवी. माणसं वेगवेगळी होती, पण बोलणं त्यांनी घास भरवताना बोललेलं होतं.

चंदनबाईंनी वाट पाहिली. आता काहीतरी होईल असं त्यांना वाटलं. छातीत दाटून येईल, डोळे भरतील. बायका म्हणत होत्या तसं मोकळं होईल. काही झालं नाही. पीठ बोटांवर वाळायला लागलं, तशा त्या उठल्या, हात धुतले आणि परत येऊन बसल्या.

"वाच पुढे."

भूषणने वाचलं, "मले काय इचारस? मना बापले इचार."

"माले," चंदनबाई म्हणाल्या.

"काय?"

"मले नाही. माले. धुळ्याकडचा माणूस मला म्हणायचं असेल तर माले म्हणतो. मले तुमच्याकडे म्हणतात, रावेर-यावलला."

भूषण हसला. "हे माझ्यामुळे झालं. माझं ऐकून लिहिलं असेल त्याने." त्याने पेन काढलं. "सगळीकडे दुरुस्त करतो. नोंदणीला आपण जी प्रत पाठवू, तीच कायम धरली जाते. चूक जायला नको."

"कर," चंदनबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा लॅपटॉपमध्ये सगळीकडे 'माले' झालं होतं. त्याने उघडून दाखवलं. चंदनबाईंनी ते सावकाश वाचलं.

"परत मले कर," त्या म्हणाल्या.

"अहो, पण काकू, चुकीचं आहे ते. तुम्हीच तर म्हणालात."

"चुकीचंच आहे. त्याने लिहिलंय तसं राहू दे."

अर्जासाठी बरेच कागद लागले. मृत्यूचा दाखला, वारस असल्याचं प्रतिज्ञापत्र, पटकथेची प्रत. शिवाय घरातल्या बाकी दोघांची ना-हरकत. ती कायद्याने लागतेच असं नाही, सितारा म्हणाल्या, पण जोडलेली बरी. आयुषीने लगेच सही केली. सुरेशचंदांनी कागद घडी करून खिशात घातला आणि तो खिशातच राहिला. आयुषीने आठवण केली की म्हणायचे, "बघतो." एकदा त्यांचा आवाज चढला. "ज्याच्यावर माझा हक्कच नाही, त्याला माझी हरकत कशी असेल? वकिलाला विचार ना तुझ्या!"

एका दुपारी सुरेशचंदांनीच खालून हाक मारली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ते पोत्यांच्या थप्पीला टेकून बसले होते, तो कागद मांडीवर.

"त्यात बाप आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"कसा आहे?"

चंदनबाईंनी आठवून पाहिलं. "म्हातारा आहे. काही लक्षात राहत नाही त्याच्या. मुलगा घरी येतो, तर त्याला ओळखत नाही. पण रोज संध्याकाळी ताट वाढून देतो त्याला. पाहुणा समजून."

"शेवटपर्यंत ओळखत नाही?"

"नाही."

सुरेशचंदांनी पेन मागितलं. मांडीवर धरून सही केली तर कागद फाटला असता, म्हणून गठ्ठ्यावर पुठ्ठा ठेवून त्यावर सही केली. मग कागद चंदनबाईंच्या हातात देऊन ते सुतळीचे रीळ मोजायला लागले.

अर्ज ऑनलाइन गेला. आयुषीनेच भरला. डायरी नंबर मिळाला. कोणाची हरकत असेल तर ती यायला महिनाभर वाट बघायची असते, तसा महिना गेला. हरकत कोणाची आली नाही. आलं ते दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयाचं पत्र. मृत्यूच्या दाखल्यावर आईचं नाव चंदनदेवी आहे आणि आधार कार्डावर चंदनबाई, खुलासा करावा. मग पुन्हा कोर्टाजवळ जाऊन, स्टॅम्प पेपरवर, नोटरीसमोर चंदनबाईंनी लिहून दिलं, की चंदनदेवी आणि चंदनबाई ही एकच बाई असून ती मीच आहे. नोटरीने विचारलं, "वाचलंत ना? बरोबर आहे?" त्या म्हणाल्या, "असेल."

मधल्या काळात पुण्याच्या कंपनीचा करार आला आणि त्यामागोमाग कंपनीचा माणूस. त्याचं नाव भूपेंद्र. चाळिशीतला, मऊ बोलणारा. त्याने आधी अनुजच्या फोटोला हात जोडले, मग बसला. सितारा वकीलही आल्या होत्या. त्यांनी करार आधीच वाचून ठेवला होता.

"यात सगळ्या भाषा लिहिल्यात," सितारा म्हणाल्या. "सगळी माध्यमं, कायमचे हक्क, हवे ते बदल करण्याची मुभा. आणि नाव येणार 'मूळ कल्पना' म्हणून. पटकथा म्हणून का नाही?"

भूपेंद्रने लपवाछपवी केली नाही. "कारण पटकथा आमचे लेखक नव्याने लिहितील, मॅडम. आम्हाला हा सिनेमा हिंदीत करायचाय. गोष्ट इंदूरच्या बाजूला नेऊ. काकू, मी खरं सांगतो, मी ही पटकथा दोनदा वाचली. दुसऱ्या वेळी तर गाडीत वाचत होतो, उतरायचं स्टेशन निघून गेलं. पण अहिराणी किती लोकांना कळणार? त्याचं काम जास्त लोकांपर्यंत पोचावं असं तुम्हाला वाटत असेलच ना?"

चंदनबाईंना तसं वाटत होतं की नाही, ते सांगता येईना. त्यांनी विचारलं, "मग तुम्हाला त्यातलं काय हवंय?"

"गाभा, काकू. परत आलेला मुलगा, न ओळखणारा बाप."

"आणि बाकीची माणसं? राखणदार, चहावाला?"

"ती बदलतील. इंदूरकडची होतील."

"मग मी हो म्हणत नाही," चंदनबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. चहा आणखी हवाय का विचारावं, तसंच त्या म्हणाल्या. भूपेंद्रने सितारांकडे पाहिलं, सितारांनी खांदे उडवले. विचार करा, घाई नाही, असं म्हणून त्याने कार्ड ठेवलं. जाताना जिन्यात भूषणला तो म्हणाला, "परवानगी घेऊनच करायचं म्हणून आलो होतो. आता नाहीच करत." तो शब्दाला जागला. त्या कंपनीने तसा सिनेमा काढल्याचं पुढे कुठे ऐकू आलं नाही.

त्या संध्याकाळी सूर्यास्ताआधीच्या जेवणाला सुरेशचंद बसले नाहीत.

"पडद्यावर त्याचं नाव आलं असतं," ते म्हणाले.

"आलं असतं."

"जन्मभर मी त्याला हे सोड म्हणत होतो. आता कुठे कोणीतरी पुण्याहून येऊन मागतोय, तर तू नाही म्हणतेस. का नाही म्हणालीस?"

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. आपण बरोबर केलं असंही त्यांना वाटत नव्हतं. हातून झालं होतं एवढंच. पुढे बरेच दिवस नवराबायको कामापुरतंच बोलत होते.

नोंदणीचं प्रमाणपत्र पावसाळा सरताना आलं. आयुषीने गच्चीवर दोरीवरचे कपडे काढता काढता मोबाइलवर उघडून वाचलं. साहित्यकृती, 'कोना पोऱ्या'. लेखक अनुज, मयत. हक्काच्या मालक चंदनबाई. वाचून झाल्यावर तिने मोबाइल बाजूला ठेवला आणि ओल्या चादरीत तोंड घालून ती रडली. चंदनबाई तिच्या पाठीवर हात फिरवत उभ्या राहिल्या. आपला हात फिरतोय हे त्यांना दिसत होतं.

हिवाळ्यात भूषण पुन्हा आला. या खेपेला त्याने चप्पल काढली आणि सरळ आत येऊन बसला.

"काकू, मीच करू का? मोठं नाही होणार. आमचीच माणसं, आमचाच कॅमेरा. पण अहिराणीतच करीन. एक शब्द बदलणार नाही."

"काकांना विचार."

"मालक तुम्ही आहात."

"तरी विचार."

सुरेशचंद म्हणाले, "मला विचारतोस? बरं. कर." आणि पुढे, "माझ्या दुकानातल्या ताडपत्र्या लागतील तेवढ्या ने."

सितारा वकिलांनी साधा करार लिहून दिला. हक्क विकलेले नाहीत, फक्त एक सिनेमा करण्याची परवानगी दिली आहे. अहिराणीत, ठरलेल्या मुदतीसाठी. पडद्यावर कथा, पटकथा आणि संवाद या तिन्हींपुढे अनुजचं नाव. भूषण म्हणाला, तोंडी चाललं असतं, घरचंच तर आहे. सितारा म्हणाल्या, घरचं आहे म्हणूनच लिहून ठेवा. अशी परवानगी तोंडी धरली जात नाही. चंदनबाईंनी सही केली. एव्हाना त्यांची सही वळणदार झाली होती.

शूटिंग शिंदखेड्याकडच्याच एका गावात लागलं. त्यांच्या माहेरच्या नाही, शेजारच्या. आयुषीने सुट्टी काढली आणि एक दिवस आईला घेऊन गेली. उन्हं चढलेली होती. सुरेशचंदांच्या ताडपत्र्या बांधून सावली केली होती. बापाचं काम करणारे तोताराम नावाचे गृहस्थ गावातल्याच भजनी मंडळातले होते. सत्तरीचे, कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच. तेच वाक्य ते पुन्हा पुन्हा म्हणत होते आणि भूषण पुन्हा पुन्हा थांबवत होता. चंदनबाई खुर्चीवर बसून बघत होत्या. सगळं काचेपलीकडे चालल्यासारखं दिसत होतं.

मधे सुट्टी झाली तेव्हा तोताराम त्यांच्याजवळ येऊन सावलीत बसले.

"जेवलात का, आबा?" चंदनबाईंनी विचारलं.

"नही, माय. सकायना चहा पिन्ता. आते मिळी म्हणतस."

"सकाळपासून काही नाही?"

म्हाताऱ्याने हसून हात हलवला, चालायचंच अशा अर्थाने.

चंदनबाई उठल्या. "भूषण!" त्यांची हाक शूटिंग चाललेल्या वाड्याच्या आवारात घुमली. भूषण कॅमेऱ्यामागून बाहेर आला.

"काय झालं, काकू?"

"सत्तर वर्षांचा माणूस सकाळपासून उपाशी आहे! उन्हात उभा करतोस त्याला, पुन्हा म्हणा, पुन्हा म्हणा करतोस, पोटात काही आहे का ते विचारलंस? कसलं काम हे? बंद कर! बंद कर ते आधी!"

"काकू, टेम्पो अडकलाय दोंडाईच्याला, जेवण त्यातच..."

"मग गावात घरं नाहीत? भाकरी मागायला लाज वाटते? लोकांना उपाशी ठेवून सिनेमा काढतोस? मरतील माणसं अशाने! कळतंय का तुला? मरतात माणसं!"

सगळं थांबलं होतं. लाइट धरणारी मुलं, भिंतीवर बसलेल्या बघ्या बायका, तोताराम. मग भिंतीवरची एक बाई खाली उतरून घराकडे पळाली आणि फडक्यात बांधलेल्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा घेऊन आली. तिच्यामागे आणखी दोघी गेल्या.

चंदनबाई पुन्हा खुर्चीवर बसल्या. आयुषीने पाणी दिलं, ते अर्धं साडीवर सांडलं. तोताराम खाली मान घालून भाकरी खात होते, आणि चंदनबाई त्यांच्या प्रत्येक घासाकडे बघत होत्या. भाकरी संपली तेव्हा त्यांनी दुसरी वाढायला लावली. मग "चल," म्हणाल्या. पारोळा यायच्या आधीच त्यांना गाडीत झोप लागली. तोंड उघडं, डोकं आयुषीच्या खांद्यावर. घर आलं तरी जाग आली नाही. कित्येक महिन्यांत त्या अशा झोपल्या नव्हत्या.

सिनेमा या उन्हाळ्यात पुरा झाला. धुळ्याला एका मंगल कार्यालयात पडदा लावून दाखवला, जळगावला एका छोट्या महोत्सवात. पाचोऱ्याच्या कॉलेजनेही मागवलाय म्हणे. सुरेशचंदांकडे तो मोबाइलमध्ये आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की पोत्यांच्या थप्पीमागे बसून ते बघतात, डोळ्यांजवळ धरून, आवाज बारीक करून. आत्तापर्यंत कितीदा पाहिला ते सांगत नाहीत.

चंदनबाईंनी अजून पाहिलेला नाही. भूषण लॅपटॉप घेऊन आला होता. समोर उघडून ठेवला, पडदेही ओढले. त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"जेवून आलास का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग आधी जेव," त्या म्हणाल्या आणि ताट घ्यायला आत गेल्या.